यादृच्छिक सारण्या आणि क्रमविरोधी राशी : प्रस्तावना

ज्या राशींच्या गुणाकारात क्रम उलटताच चिन्ह उलटते, आणि त्यामुळे ज्यांतील कोणतीही राशी स्वतःशीच गुणली असता शून्याखेरीज काही हाती येत नाही, अशा राशींवर समाकलनाची क्रिया करता येते. ती क्रिया नेहमीच्या समाकलनाहून पुष्कळच सोपी असते. आणि तिचे साहाय्य घेतल्यास जड अणुकेंद्राच्या ऊर्जा-पातळ्यांपासून कापसाच्या प्रयोगक्षेत्रावरील नोंदींपर्यंत पसरलेल्या एका विस्तीर्ण शास्त्रातील एक अडेल प्रश्न वळणावर येतो, हे दाखवून देणे हा प्रस्तुत पुस्तकाचा हेतू आहे. यादृच्छिक सारण्यांच्या सिद्धांतातील क्रमविरोधी चलांचे गाउसीय समाकल, एवढे लांबलचक नाव कानी पडताच भल्याभल्यांची छाती दडपते, आणि विषय पुंजयामिकीच्या कुठल्याशा बंद दालनातला असावा असे समजून माणूस पाय मागे घेतो. वस्तुतः ज्याला सारणीचा गुणाकार येतो, निश्चयक मांडता येतो आणि गाउसचा घंटाकृती वक्र ठाऊक आहे, त्या पदवीवर्गातील विद्यार्थ्याला या दालनाची कडी आतून लावलेली आढळणार नाही. त्याच्यासाठीच हे पुस्तक लिहिले आहे. अकोटसारख्या तालुक्याच्या गावी राहून, पाठीशी मोठे ग्रंथालय नसताना, कागद आणि पेन्सिल एवढ्याच भांडवलावर ज्याला एखाद्या आधुनिक विषयाच्या गाभ्यापर्यंत जाण्याची हौस आहे, तो वाचक लिहिताना सतत नजरेसमोर होता.

यादृच्छिक सारणी म्हणजे काय, हे आमच्या वऱ्हाडात समजावून सांगण्यास परदेशी जाण्याचे प्रयोजन नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कपाशीवर संशोधन करणारा एखादा विद्यार्थी शंभर वाफ्यांत पऱ्हाटी लावतो आणि प्रत्येक वाफ्याच्या नावे झाडाची उंची, बोंडांची संख्या, बोंडातील कापसाचे वजन, रुईचा उतारा, धाग्याची लांबी, धाग्याची मजबुती अशा पंचवीस गुणांची नोंद करतो, असे समजू. कोणता गुण कोणत्या गुणाबरोबर वाढतो वा घटतो हे पाहण्यासाठी तो पंचवीस ओळी व पंचवीस स्तंभांची सहप्रचरण-सारणी तयार करतो. आणि वाफ्या-वाफ्यांतील पाणी, माती व बियाणे यांच्या लहरीमुळे त्या सारणीतील प्रत्येक आकडा थोडाफार दैवाधीन असतो. अशा सारणीच्या आकड्यांचे संयुक्त वितरण कसे असते, हे जॉन विशार्ट याने १९२८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात सिद्ध केले. विशार्ट त्या वेळी इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात फिशर यांच्या हाताखाली काम करीत होता. तेव्हा या शास्त्राचे एक मूळ शेतात रुजलेले आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. त्याच परंपरेतील शेतकी संख्याशास्त्र आपल्याकडे रुजविण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे ही दोन मराठी नावे अग्रभागी आहेत, आणि १९५४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा संयुक्त ग्रंथ कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या हाताळत आल्या आहेत.

या शंभर वाफ्यांच्या उदाहरणात एक धडा दडलेला आहे. पंचवीस गुणांचा परस्परांशी मुळीच संबंध नाही, आणि प्रत्येकाचे प्रचरण बरोबर एक आहे, अशी कल्पना करा. अशा स्थितीत खऱ्या सहप्रचरण-सारणीची सर्वच्या सर्व आयगेन मूल्ये एकच असावयास हवीत. परंतु नोंदींवरून काढलेल्या सारणीची आयगेन मूल्ये एकाभोवती गोळा न होता सुमारे पाव ते सव्वादोन एवढ्या पल्ल्यात पसरतात. गुणांच्या संख्येला वाफ्यांच्या संख्येने भागावे, भागाकाराचे वर्गमूळ घ्यावे, ते एकातून वजा करून व एकात मिळवून त्या दोन्हींचे वर्ग करावेत, म्हणजे पल्ल्याची दोन टोके मिळतात, हा नियम मार्चेंको व पास्तुर यांनी १९६७ साली दिला. येथे भागाकार पाव, त्याचे वर्गमूळ अर्धे, म्हणून टोके अर्ध्याचा व दीडाचा वर्ग. सव्वादोनच्या जवळपास आलेले सर्वांत मोठे मूल्य पाहून ‘या वाणांमध्ये एक प्रधान घटक सापडला’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो केवळ आकड्यांच्या गर्दीने निर्माण केलेल्या भासाला दाखला देत असेल. दैवाधीन सारणीची मूल्ये कशी पसरतात हे आधी माहीत असल्यावाचून खऱ्या संबंधाची पारख होत नाही, आणि या शास्त्राची व्यावहारिक उपयुक्तता येथूनच सुरू होते.

दुसरे मूळ अणुकेंद्रात आहे. युरेनियम-२३८ च्या केंद्रावर मंदगती न्यूट्रॉन सोडले असता काही ठराविक ऊर्जांना ते विशेष जोराने शोषले जातात, आणि या ऊर्जा एकमेकींपासून सरासरी वीसेक इलेक्ट्रॉन-व्होल्ट अंतरावर, एकामागून एक, अशा ओळीने येत राहतात. दोनशे अडतीस कणांच्या त्या दाटीचे समीकरण मांडून प्रत्येक पातळी काढणे मानवी आवाक्याबाहेरचे आहे हे ओळखून युजीन विग्नर याने १९५० नंतरच्या दशकात निराळाच मार्ग धरला. केंद्राची ऊर्जा-सारणी कोणती ते कळत नसेल तर तिचे घटक दैवाधीन मानावेत, आणि एकेका पातळीचा पिच्छा सोडून पातळ्यांमधील अंतरांचे वितरण विचारावे, असे त्याने सुचविले. या सूचनेत किती बळ आहे ते दोन ओळींच्या सारणीवरही पाहता येते. कर्णावर अ आणि क, व कर्णाबाहेर दोन्हीकडे ब, अशी सममित सारणी घेतली तर तिच्या दोन पातळ्यांतील, म्हणजे आयगेन मूल्यांतील, अंतर म्हणजे (अ − क)² + ४ब² या बेरजेचे वर्गमूळ होय. हे अंतर शून्य व्हावयाचे तर अ आणि क समान असले पाहिजेत, आणि त्याच वेळी ब देखील शून्य असला पाहिजे. एका अटीने भागत नाही, दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. प्रतलावर यदृच्छेने पडणारा बिंदू केंद्राच्या अगदी निकट पडण्याची शक्यता त्या निकटच्या वर्तुळाच्या परिघाइतकीच, म्हणजे अंतराच्या प्रमाणात, कमी होत जाते. म्हणून पातळ्या एकमेकींजवळ येण्यास नाखूष असतात. त्या परस्परांशी सर्वस्वी असंबद्ध असत्या तर चित्र बरोबर उलटे झाले असते, कारण तेव्हा लहानात लहान अंतर सर्वांत संभाव्य ठरते. पातळ्यांचा हा परस्परद्वेष युरेनियमच्या नोंदींत प्रत्यक्ष दिसतो, आणि दोन ओळींच्या सारणीवरून विग्नरने अजमासाने लिहिलेले सूत्र मोठ्या सारण्यांनाही आश्चर्य वाटावे इतके जवळचे ठरते.

ते किती जवळचे आहे याचा निकाल लावणाऱ्या पुरुषाचा मुंबईशी ऋणानुबंध होता. उदयपूरजवळच्या गावी जन्मलेले मदनलाल मेहता राजस्थानात गणिताचे शिक्षण संपवून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी १९५६ च्या ऑगस्टात सुरू झाली तो हा काळ. तेथे दोन वर्षे काढून १९५८ साली ते पॅरिसजवळील साक्ले येथील अणुसंशोधन केंद्रात गेले, आणि १९६० मध्ये मिशेल गोदँ यांच्यासह त्यांनी यादृच्छिक सारणीच्या आयगेन मूल्यांची घनता लंबकोनी बहुपदींच्या, म्हणजे हर्मीटच्या बहुपदींच्या, साहाय्याने नेमकी काढली. फ्रीमन डायसन याने १९६२ साली सारण्यांचे वास्तव, संमिश्र व चतुष्टयी असे तीन वर्ग पाडून शास्त्राची जी जमाबंदी केली, तिच्यात मेहतांच्या पद्धतीला हक्काचे स्थान मिळाले. १९६७ साली प्रसिद्ध झालेला आणि पुढे १९९१ व २००४ मध्ये वाढवून निघालेला त्यांचा ग्रंथ या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो. आमच्या पुस्तकाची वाट मेहतांच्या वाटेहून वेगळी असली, तरी प्रत्येक मुक्कामावर त्यांच्या उत्तराशी रुजवात घातल्याशिवाय आम्ही पुढे गेलो नाही.

मग वेगळ्या वाटेची गरज का पडावी? मेहतांची पद्धत सारणीच्या आयगेन मूल्यांच्या संयुक्त वितरणापासून सुरू होते, आणि ते वितरण सुटसुटीतपणे लिहिता येते ते सारणीला कोणतीही दिशा विशेष प्रिय नसेल तेव्हाच. ज्या सारणीत कर्णापासून दूरचे घटक लहान होत जातात, किंवा जी एखाद्या धातूच्या तारेतील शेजारच्या अणूंचेच नाते सांगते, तिच्या बाबतीत हे वितरण कोणालाच लिहिता येत नाही. घटकांचे वितरण मात्र तेथेही माहीत असते. तेव्हा आयगेन मूल्ये मध्ये न आणता थेट घटकांवरून सरासरी काढता येईल काय, असा प्रश्न उभा राहतो. येथे आडवा येतो तो भागाकार. पातळ्यांची घनता काढण्यासाठी ऊर्जेतून सारणी वजा करून जे उरते त्याच्या व्यस्ताची सरासरी घ्यावी लागते. दैवाधीन घटक छेदात जाऊन बसतात, आणि छेदातील दैवाची सरासरी घेणे म्हणजे गाठ न सोडवता दोर उलगडण्याचा आग्रह धरण्यासारखे होते. याउलट तेच घटक जर घातांकात, पहिल्या घातात, म्हणजे कोणत्याही वर्गाशिवाय बसलेले असतील, तर गाउसीय सरासरी एका ओळीत निघते : सरासरी शून्य असलेल्या गाउसीय राशीच्या घातांकी फलनाची सरासरी ही तिच्या प्रचरणाच्या निम्म्याचे घातांकी फलन असते. एवढे एक सूत्र हाती धरून सगळा विषय उभा राहतो. दैवाला छेदातून उचलून घातांकात कसे नेऊन ठेवावे, हाच काय तो प्रश्न.

अर्धे काम नेहमीचा गाउसीय समाकलच करतो. एका चलाच्या बाबतीत घंटाकृती वक्राखालचे क्षेत्र ठाऊकच आहे. चले अनेक असून घातांकात सारणीने बांधलेले वर्गरूप असेल, तर समाकलाच्या उत्तरात सारणीच्या निश्चयकाचे वर्गमूळ छेदात उतरते. संमिश्र चले घेतल्यास वर्गमूळही राहत नाही : एक भागिले निश्चयक, एवढेच स्वच्छ उत्तर मिळते. उलट दिशेने वाचले तर छेदातील निश्चयक घातांकात चढविण्याची ही युक्ती आहे, आणि सारणीचे घटक तेथे पहिल्याच घातात असतात. आता दुसरे अर्धे काम उरते. अंशात निश्चयक असेल तर तो कोठून आणावा?

तो आणून देणाऱ्या राशी म्हणजेच क्रमविरोधी राशी. प आणि फ अशा दोन राशी घ्याव्यात, आणि प फ = − फ प एवढा एकच कायदा मानावा. स्वतःच्या बाबतीत हा कायदा लावला की प चा वर्ग शून्य होतो. म्हणून प चे कोणतेही फलन पहिल्या घातापलीकडे जाऊच शकत नाही. घातांकी फलनाची अनंत मालिका दोन-चार पदांत संपते. समाकलनाचे नियमही दोनच : प नसलेल्या पदाचा समाकल शून्य, आणि प चा समाकल एक. सीमा नाहीत, क्षेत्रफळ नाही, अभिसरणाची चिंता नाही. आता दोन जोड्या घेऊन, प१ फ१ आणि प२ फ२, यांना अ, ब, क, ड घटकांच्या सारणीने बांधावे, आणि − (अ प१फ१ + ब प१फ२ + क प२फ१ + ड प२फ२) याचे घातांकी फलन उलगडावे. समाकल टिकण्यासाठी चारही राशी पदात हजर हव्यात, म्हणून उलगड्यातील वर्गाचे पद तेवढे शिल्लक राहते. त्या पदातही अ आणि ब यांचा गुणाकार टिकत नाही, कारण तेथे प१ दोनदा येतो. टिकतो तो अ गुणिले ड, आणि ब गुणिले क. अ-ड च्या पदात राशींचा क्रम प१ फ१ प२ फ२ असा येतो, तर ब-क च्या पदात प१ फ२ प२ फ१ असा. हा दुसरा क्रम पहिल्यासारखा करावयाचा तर फ१ व फ२ यांची अदलाबदल करावी लागते, आणि कायद्याप्रमाणे एक ऋणचिन्ह लागते. उत्तर येते अड − बक. निश्चयकातील ऋणचिन्ह, जे शाळेत पाठ करून घेतले जाते, ते येथे कोणी न सांगता आपल्या पायांनी चालत आले. ओळी कितीही असल्या तरी हेच घडते, आणि निश्चयक छेदात न जाता अंशात उभा राहतो. एखाद्या वाचकाने या परिच्छेदाशी थांबून तीन ओळींसाठी हा उलगडा स्वतः केला, तर पुढील प्रकरणांतील निम्मा भार उतरला असे समजावे.

हा कायदा प्रथम मांडणारा हेर्मान ग्रासमान हा एक शाळामास्तर होता. पोमेरेनियातील श्टेटिन या गावी, जे आज पोलंडमध्ये आहे, तो १८०९ साली जन्मला, आणि तेथेच शिकवीत शिकवीत १८७७ साली वारला. विद्यापीठातील प्राध्यापकपद त्याला अखेरपर्यंत लाभले नाही. ‘आउसडेनुंग्सलेर’ म्हणजे विस्तारशास्त्र या १८४४ सालच्या त्याच्या ग्रंथाला गिऱ्हाईक मिळेना, आणि वीस वर्षांनी प्रकाशकाने उरलेल्या सुमारे सहाशे प्रती रद्दीत काढल्या. गणिताने अशी उपेक्षा केल्यावर त्याने आपली उमेद संस्कृताकडे वळविली. ऋग्वेदाचा त्याचा कोश १८७३ ते १८७५ या वर्षांत, आणि ऋग्वेदाचे जर्मन भाषांतर त्यापाठोपाठ प्रसिद्ध झाले. तो कोश वैदिक अभ्यासकांच्या टेबलावर अद्याप असतो. ‘धा’ धातूचे द्वित्त होताना ‘दधाति’ होते, ‘भू’ चे ‘बभूव’ होते, एकापाठोपाठ दोन महाप्राण टिकत नाहीत, याची ऐतिहासिक उपपत्ती १८६३ साली लावणारा भाषाशास्त्रज्ञही हाच, आणि तो नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो. पुण्याच्या वैदिक पंडितांना ग्रासमान माहीत होता तो कोशकार म्हणून, आणि मुंबईच्या भौतिकशास्त्रज्ञांना माहीत आहे तो बीजगणितकार म्हणून; दोघे एकच आहेत हे पुष्कळांना कळत नाही, म्हणून येथे एवढा विस्तार केला.

ग्रासमानने राशी दिल्या. समाकलन दिले नाही. ते यावयास विसावे शतक उजाडावे लागले, कारण इलेक्ट्रॉनसारख्या ज्या कणांना एकाच अवस्थेत दोघांनी राहणे वर्ज्य आहे त्यांचे वर्णन करण्याची निकड तोवर कोणालाच नव्हती. कँडलिन याने १९५६ मध्ये एक लेख लिहिला, तो दुर्लक्षित राहिला. आणि मॉस्कोचा फेलिक्स बेरेझिन (१९३१–१९८०) याने १९६५ सालच्या आपल्या ग्रंथात या समाकलनाची घटना पद्धतशीर मांडली, म्हणून त्यास बेरेझिनचा समाकल म्हणण्याची वहिवाट पडली. नियमांतील एक गोष्ट नवख्यास चमत्कारिक वाटते : चल दुप्पट केला तर समाकलाचे माप दुप्पट न होता निम्मे होते. निश्चयक छेदातून अंशात जातो त्याचे गूढ याच एका उलट्या मापात आहे, आणि वर सांगितलेल्या दोन नियमांपासून ते दोन ओळींत सिद्ध होते.

आता दोन्ही अर्धी एकत्र आणावयाची. अंशात एक निश्चयक आणि छेदात दुसरा असा भागाकार लिहावा, अंशातील ऊर्जा किंचित सरकवावी, आणि त्या सरकवण्याच्या मानाने भागाकार कोणत्या दराने बदलतो ते पाहावे; हा दर म्हणजेच आपल्याला हव्या असलेल्या व्यस्त सारणीच्या कर्णाची बेरीज. अंशासाठी क्रमविरोधी चले, छेदासाठी संमिश्र चले. सरकवणे शून्य केले की अंश आणि छेद एकच होतात, आणि भागाकार नेमका एक येतो, मग सारणी कोणतीही असो. अडत्याच्या खतावणीत जमा आणि नावे या दोन्ही बाजूंना सारख्याच रकमा पडल्या की शिल्लक शून्य राहते आणि तेरीज मांडताना त्या खात्याची दखल घ्यावी लागत नाही, तसेच येथे घडते : नेहमीच्या चलांनी केलेला प्रमाणीकरणाचा बोजा क्रमविरोधी चले बरोबर तेवढ्याच मापाने फेडून टाकतात. हा बोजा शिल्लक राहिला असता तर सरासरी घेण्यापूर्वी प्रत्येक सारणीला तिच्या स्वतःच्या मापाने भागावे लागले असते, आणि दैव पुन्हा छेदात जाऊन बसले असते. ही गोम ज्याला उमगली त्याला विषय उमगला. बाकीचे हिशेबाचे काम आहे.

ते हिशेबाचे काम किती आटोपशीर होते याचा नमुना म्हणून केवळ अंशाचा विचार करू. हर्मिटियन सारणी घ्यावी, कर्णाबाहेरील प्रत्येक घटकाच्या मापाच्या वर्गाची सरासरी एक, सर्व घटकांची सरासरी शून्य, आणि निरनिराळे घटक परस्परांपासून स्वतंत्र. य मधून ही सारणी वजा करून जो निश्चयक येतो त्याची सरासरी किती? क्रमविरोधी चलांनी निश्चयक घातांकात चढवावा. सरासरी एका ओळीत घ्यावी. त्यामुळे घातांकात चलांचे चौथ्या घाताचे पद येते. ते पद एकाच नव्या साध्या चलावरील गाउसीय समाकलाने पुन्हा दुसऱ्या घातात उतरवावे. आणि क्रमविरोधी चले समाकलून टाकावीत. शिल्लक उरते ती ही कृती : य मध्ये काल्पनिक एककाने गुणलेली एक प्रमाणित गाउसीय राशी मिळवावी, बेरजेचा ओळींच्या संख्येइतका घात करावा, आणि सरासरी घ्यावी. दोन ओळींना उत्तर येते य² − १, तीन ओळींना य³ − ३य. ही हर्मीटच्याच बहुपदींची मालिका आहे, म्हणजे मेहता व गोदँ ज्या बहुपदींपासून निघाले तेथेच आपण दुसऱ्या दाराने पोहोचलो. शंभर ओळींच्या अशा सारणीत दहा हजार स्वतंत्र वास्तव राशी असतात. त्या सर्वांची सरासरी एका चलाच्या समाकलावर येऊन ठेपली. पूर्ण भागाकार घेतला तर एका चलाऐवजी दोन ओळी व दोन स्तंभांची एक मिश्र प्रकारची सारणी उरते, जिच्यात दोन घटक साधे आणि दोन क्रमविरोधी असतात. सारणीचा मूळ आकार आता घातांकातील निव्वळ गुणक होऊन बसतो; तो मोठा होत गेला की समाकलाचा सगळा भार एका बिंदूभोवती एकवटतो, आणि विग्नरचे अर्धवर्तुळ, म्हणजे पातळ्यांची मध्यभागी दाट व कडांना विरळ होत जाणारी घनता, त्या बिंदूच्या समीकरणातून बाहेर येते.

ही रीत शास्त्रात रूढ केली ती कॉन्स्टँटिन एफेतोव्ह याने, १९८२-८३ च्या सुमारास. अशुद्ध धातूच्या सूक्ष्म कणातील इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या यादृच्छिक सारणीच्याच नियमांनी वागतात असा तर्क गोर्कोव्ह आणि एलियाशबर्ग यांनी १९६५ मध्ये केला होता. एफेतोव्हने तो या समाकलांच्या जोरावर हिशेबाने उभा केला. लगेच १९८५ साली फेरबार्शोट, वायडेनम्युलर आणि त्सिर्नबाउअर या त्रयीने तीच रीत विग्नरच्या मूळ घरी, म्हणजे अणुकेंद्रावरील न्यूट्रॉनांच्या विकिरणावर, लावली. आणि त्यांच्या दीर्घ लेखाच्या मथळ्यातच ग्रासमान-समाकलन हा शब्द आहे. त्यापूर्वी छेदाची अडचण टाळण्यासाठी प्रतिकृतींची युक्ती वापरली जाई, जिला एडवर्ड्स आणि अँडरसन यांनी १९७५ मध्ये विशेष प्रसिद्धी दिली. सारणीच्या अनेक प्रती घ्यावयाच्या, हिशेब पूर्णांक प्रतींसाठी करावयाचा, आणि शेवटी प्रतींची संख्या शून्याकडे न्यावयाची, असा तो मार्ग. तो पुष्कळदा लागू पडतो, पण पातळ्यांच्या परस्परसंबंधाच्या प्रश्नात तो कोठे दगा देतो हे वरील त्रयीपैकी दोघांनी दाखवून दिले. क्रमविरोधी चलांच्या मार्गात प्रतींची संख्या शून्य करण्याचा प्रसंगच येत नाही, कारण वजाबाकी आरंभापासूनच अंगभूत असते.

या शास्त्राचे हात आणखी कोठवर पोहोचतात त्याचा विस्तार करीत नाही. १९७२ साली प्रिन्स्टन येथे चहाच्या वेळी सर्वदमन चावला यांनी ह्यू माँटगोमेरी या तरुण गणितज्ञाची डायसनशी गाठ घालून दिली, आणि रीमानच्या झीटा फलनाच्या शून्यांमधील अंतरांचे जे सूत्र माँटगोमेरी घेऊन आला होता ते डायसनने यादृच्छिक सारण्यांचे म्हणून तत्काळ ओळखले, एवढा उल्लेख पुरे. अविभाज्य संख्यांचा आणि अणुकेंद्राचा संबंध काय, हा प्रश्न पुष्कळ ग्रंथांत चर्चिला आहे; आमच्या पुस्तकाची धाव तेथवर नाही.

रीतीची मर्यादा मात्र आरंभीच सांगितली पाहिजे, नाहीतर वाचकाची दिशाभूल होईल. क्रमविरोधी चलांना अभिसरणाची चिंता नसली तरी त्यांच्या जोडीदारांना, म्हणजे साध्या चलांना, ती आहे; साध्या चलांचे समाकल कोणत्या वाटेने घ्यावेत, ही निवड चुकली तर उत्तराला काही अर्थ उरत नाही, आणि दोन ऊर्जांचा एकत्र विचार करताना ही निवड बरीच नाजूक होते. सारणी अनंत मोठी करणे व समाकल घेणे या क्रियांची अदलाबदल भौतिकशास्त्रज्ञ बहुधा बिनदिक्कत करतात. गणिती त्याला मान्यता देईलच असे नाही. घटकांचे वितरण गाउसीय नसतानाही पातळ्यांच्या अंतरांचे नियम तेच राहतात, ही गोष्ट सिद्ध झाली ती २००९ नंतरच्या वर्षांत, लास्लो एर्दोश, श्लाइन व याउ आणि दुसरीकडे ताओ व वू यांच्या हातून, आणि त्यांची साधने सर्वस्वी निराळी होती. तेव्हा येथे जे शिकविले आहे ते हिशेब करण्याचे शास्त्र आहे. सिद्धतेचे काम त्याने पुष्कळदा सुचविले आहे, पण सर्वत्र पार पाडलेले नाही.

म्हणूनच प्रकरणांची मांडणी विशिष्ट क्रमाने केली आहे. आरंभीच्या प्रकरणांत केवळ बीजगणित आहे; त्यानंतर निश्चयकांच्या सरासरी, आधी हर्मिटियन व मग विशार्टच्या सारण्यांसाठी; त्यानंतर भागाकार आणि अर्धवर्तुळ; आणि शेवटी दोन ऊर्जांचा परस्परसंबंध. मॅट्रिक्सला सारणी, डिटर्मिनंटला निश्चयक अशा पाठ्यपुस्तकांतील संज्ञाच ठेवल्या आहेत, आणि आयगेन मूल्यासारखे जे शब्द वर्गात सर्रास बोलले जातात त्यांना बदली नावे शोधण्याचा खटाटोप केलेला नाही. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस जी उदाहरणे आहेत त्यांत दोन किंवा तीन ओळींची सारणी घेऊन तोच प्रश्न घटक उलगडून, म्हणजे कोणतीही युक्ती न लावता, सोडवावयास सांगितला आहे. ही उदाहरणे वगळू नयेत. मोठ्या सारणीचे सूत्र मार्ग चुकले असेल, एखादे ऋणचिन्ह निसटले असेल, समाकलाची वाट भलतीकडे गेली असेल, तर दोन ओळींची सारणी ते लगेच पकडते. आणि ज्या शास्त्रात राशींचा क्रम बदलताच चिन्ह बदलते तेथे चिन्ह निसटणे ही रोजची गोष्ट आहे. जो वाचक य² − १ हे उत्तर दोन्ही वाटांनी काढून पाहील, आणि मग य³ − ३य साठी तीच तसदी घेईल, त्याला पुढच्या कोणत्याही पानावरील सूत्र आमच्या शब्दावर विश्वास ठेवून स्वीकारण्याचे कारण उरणार नाही, आणि या विषयात तेवढे स्वातंत्र्य मिळविणे हेच पहिल्या वाचनाचे पुरेसे फळ आहे.

अकोट
— लेखक